नॉमिनी तिकडचा, बेनिफिशियरी इकडचा

मंडळी, आजचा विषय जरा नकोसा आहे. मृत्युपत्राचं नाव काढलं की "भरल्या घरात असं अभद्र बोलू नये" म्हणणारी आजी आपल्या प्रत्येकाला होती, आणि तिचा आवाज अजून कानात आहे. म्हणून होतं काय, की घराचं रीफायनान्स कुठे स्वस्त पडेल आणि मुलांच्या कॉलेजसाठी पैसे कुठे ठेवावेत यावर गणपतीच्या पंगतीत तास-तास बोलणारे आपण या एका बाबतीत गप्प बसतो.

पण ज्यांनी काहीच केलेलं नाही, त्यांना निदान ते माहीत तरी असतं. जास्त काळजी वाटते ती "आमचं सगळं झालंय हो, सगळीकडे नॉमिनी लावलेत" असं सांगणाऱ्यांची. कारण भारतातला नॉमिनी आणि अमेरिकेतला बेनिफिशियरी या दोन गोष्टी फॉर्मवर सारख्या दिसतात. दोन्हीकडे नाव, नातं, टक्केवारी, सही. कायद्यात मात्र त्यांचा अर्थ जवळजवळ उलटा आहे. एका देशाची समजूत दुसऱ्या देशाच्या कागदांना लावली, की ज्याला द्यायचं त्याला मिळत नाही आणि ज्याचं नावही मनात नव्हतं त्याच्या हाती चेक पडतो.

आधी भारतातलं बघू. तिथे नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेनं, विमा कंपनीनं किंवा सोसायटीनं कोणाच्या हाती रक्कम किंवा कागद दिले म्हणजे त्यांची जबाबदारी संपली, एवढंच तो सांगतो. त्याच्याकडे आलेलं धन तो वारसांसाठी सांभाळतो. खरा हक्क मृत्युपत्राप्रमाणे, आणि ते नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे ठरतो. आयुर्विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं हे १९८३ मध्येच सांगितलं होतं. शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल मात्र बरीच वर्षं संभ्रम होता, कारण कंपनी कायद्यातली भाषा नॉमिनीलाच मालक ठरवते असं काहींचं म्हणणं होतं. तो वाद शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिटला, आणि योगायोग असा की ते प्रकरण होतं ज्यांचं 'कालनिर्णय' आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात लटकलेलं असतं त्या जयंत साळगांवकरांच्या मिळकतीचं. निकाल स्पष्ट आहे: शेअरचा नॉमिनीसुद्धा मालक होत नाही, वारसाहक्क त्यामुळे बदलत नाही.

फ्लॅटचंही तसंच. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यानुसार सभासद वारल्यावर नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते, कायमचं नाव लागतं ते वारसांचं. तरीही "दादाचं नाव सोसायटीत नॉमिनी म्हणून आहे, म्हणजे फ्लॅट दादाचा" ही समजूत इतकी घट्ट आहे, की तिच्यापायी भावंडांत बोलणं बंद झालेली घरं तुम्हालाही माहीत असतील. गावच्या जमिनीवरच्या वारस नोंदीचंही असंच आहे. सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, ती नोंद मुळात महसुलासाठी असते.

बँकेतल्या 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' खात्यातही जिवंत राहिलेल्याला पैसे काढता येतात, पण ते त्याचेच झाले असं नाही. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनं थोडा फरक केला. आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती लाभाचीही हक्कदार, असं कायद्यात आलं. पण त्याचा अर्थ कसा लावायचा यावर उच्च न्यायालयांचं एकमत नाही. बँकेच्या ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात. सोय चांगली आहे, पण चार नावं लिहिली म्हणजे चार वाटण्या झाल्या असं समजू नका.

आता अमेरिका. इथे फॉर्म हाच राजा. ४०१के, आयआरए, आयुर्विमा, 'पे ऑन डेथ' लिहिलेली खाती हे सगळं मृत्युपत्राच्या बाहेरून जातं. फॉर्मवर ज्याचं नाव, त्याचा चेक. मृत्युपत्रात तुम्ही कितीही सुंदर शब्दांत वेगळं लिहिलं असलं तरी ते कोणी वाचतही नाही. राइट ऑफ सर्व्हायव्हरशिप असलेलं संयुक्त घर किंवा खातं थेट उरलेल्याच्या मालकीचं होतं.

हे किती कठोरपणे पाळलं जातं याचं उदाहरण २००९ सालच्या अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. ड्यूपाँट कंपनीतल्या एका कर्मचाऱ्यानं बचत योजनेत पत्नीचं नाव लिहिलं होतं. १९९४ मध्ये घटस्फोट झाला आणि त्या हुकूमनाम्यात पत्नीनं या पैशावरचा हक्क सोडला. फॉर्म मात्र त्यानं बदलला नाही. २००१ मध्ये तो वारला तेव्हा खात्यात सुमारे ४ लाख डॉलर होते. कंपनीनं ते घटस्फोटित पत्नीला दिले, त्याच्या इस्टेटीच्या वतीनं मुलगी कोर्टात गेली, आणि न्यायालयानं एकमतानं सांगितलं की योजनेनं फॉर्म पाहून पैसे दिले हे बरोबरच केलं.

आपल्यात घटस्फोटाइतकीच किंवा त्याहून जास्त वेळा दिसणारी गोष्ट वेगळी आहे. मुलगा एकटा इथे येतो, पहिली नोकरी लागते, पहिल्याच दिवशी एचआरचे दहा कागद समोर येतात. लग्न झालेलं नसतं, म्हणून आईचं किंवा धाकट्या भावाचं नाव लिहून तो मोकळा होतो. पुढे लग्न, दोन मुलं, घर. फॉर्म तसाच. ४०१केच्या बाबतीत केंद्रीय कायदा बायकोला सांभाळून घेतो: लग्न झालं की बहुतेक योजनांत जोडीदार आपोआप हक्कदार होतो, आणि दुसरं नाव हवं असेल तर त्याची लेखी संमती लागते. पण आयआरए आणि कंपनीचा ग्रुप लाइफ इन्शुरन्स यांना असं संरक्षण नाही. विम्याची सगळी रक्कम नाशिकच्या भावाला जाईल. भाऊ सज्जन असेल आणि वहिनीला ती पाठवेलही, पण त्याची पाठवणी, त्यावरचे दोन्ही देशांतले प्रश्न, आणि मधल्या काळात वहिनीनं घराचा हप्ता कशातून भरायचा? कॅलिफोर्निया, टेक्सससारख्या कम्युनिटी प्रॉपर्टी मानणाऱ्या राज्यांत बायकोला निम्म्यावर हक्क सांगता येतो, पण तोही भांडून.

मृत्युपत्रच नसेल तर

समजा, इलिनॉयमध्ये राहणारं एक जोडपं आहे. घर नवऱ्याच्या नावावर, दोन लहान मुलं. कोथरूडला त्यानं स्वतःच्या कमाईतून घेतलेला फ्लॅट. पुण्यात त्याचे आईवडील आणि एक बहीण. तो अचानक गेला आणि मृत्युपत्र नाही.

स्थावर मालमत्तेला ती जिथे आहे तिथला कायदा लागतो. म्हणून इलिनॉयच्या कायद्यानं इथलं घर निम्मं बायकोला आणि निम्मं मुलांना. मुलं अज्ञान, म्हणजे त्यांच्या हिश्श्यावर कोर्टाची देखरेख. घर विकायचं झालं तर आईनंही कोर्टाची परवानगी घ्यायची, आणि मुलं १८ वर्षांची झाली की हिस्सा त्यांच्या हातात. (न्यू जर्सीत हेच कुटुंब असतं आणि मुलं दोघांचीच असती, तर सगळं बायकोला गेलं असतं. राज्य बदललं की उत्तर बदलतं, म्हणून मित्राच्या अनुभवावर विसंबू नये.)

कोथरूडच्या फ्लॅटला हिंदू वारसा कायदा. त्यात पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे बायको, मुलं आणि आई, सगळ्यांना समान वाटा. वडील त्या वर्गात नाहीत! म्हणजे फ्लॅटचे चार भाग, त्यातला एक सासूबाईंचा. आता आईला वाटा मिळावा की नाही हा प्रत्येक घराचा प्रश्न, आणि बहुतेकांना तो मिळावा असंच वाटेल. पण पुढचं बघा. उद्या आई मृत्युपत्राशिवाय गेल्या, तर त्यांचा पाव हिस्सा त्यांच्या वारसांत विभागला जाणार: सासरे, नणंद आणि गेलेल्या मुलाची मुलं. एका दोन बेडरूमच्या फ्लॅटला पाच मालक, त्यातले दोन अज्ञान आणि दोघे-तिघे अमेरिकेत. विकायचा म्हटलं की प्रत्येकाची सही किंवा प्रत्येकाचं मुखत्यारपत्र. यात कोणीही वाईट वागलेलं नाही, तरी दहा वर्षं फ्लॅट कुलूपबंद राहतो आणि सोसायटीची वर्गणी मात्र चालू. ख्रिस्ती, पारशी आणि मुस्लिम कुटुंबांना वेगळे कायदे आणि वेगळे हिस्से आहेत, पण गुंता याच जातीचा.

मुखत्यारपत्रावरून आठवलं. "माझ्या मेव्हण्याकडे जनरल पॉवर ऑफ अॅटर्नी आहे, तो बघून घेईल" हे वाक्य फार ऐकू येतं. मुखत्यारपत्र देणारा गेला की मुखत्यारपत्रही त्याच क्षणी संपतं. त्यानंतर मेव्हण्यानं त्यावर केलेली सही निरुपयोगी, आणि माहीत असून केली तर त्याच्याच अंगाशी येणारी. तुम्ही हयात आहात तोवरच्या कामांसाठी ते जरूर करा. इथे नोटरी करून राज्याच्या कार्यालयातून अपॉस्टिल घेता येतं (भारत या करारात २००५ पासून आहे) किंवा भारतीय वकिलातीकडून साक्षांकित करता येतं. कोणतं चालेल ते तिथल्या दुय्यम निबंधकाकडे आधी विचारून घ्यावं. कागद महाराष्ट्रात पोचल्यावर ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

एक मृत्युपत्र की दोन?

दोन्हीकडे मालमत्ता असेल तर दोन वेगळी मृत्युपत्रं करणं सोयीचं पडतं, एक इथल्या मिळकतीपुरतं, एक भारतातल्या. एकच केलं तर मूळ प्रत आधी इथल्या कोर्टात अडकते आणि तिची प्रमाणित नक्कल घेऊन तिकडे पुन्हा खेटे. शिवाय इथल्या वकिलाला सातबारा, शेअर सर्टिफिकेट आणि एकत्र कुटुंब समजावून सांगण्यात तुमचेच तासाचे पैसे जातात.

पण दोन करताना एक ओळ घात करते. जवळपास प्रत्येक छापील नमुन्याची सुरुवात "यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रं मी रद्द करीत आहे" अशी असते. मार्चमध्ये इथे वकिलाकडून व्यवस्थित मृत्युपत्र केलं, डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला जाऊन ओळखीच्या वकिलाकडून तिथलं केलं, त्यानं नेहमीचा नमुना काढला, तुम्ही सही केली, आणि मार्चचं मृत्युपत्र त्या एका वाक्यानं गेलं. म्हणून प्रत्येकात लिहावं की हे अमुक देशातल्या मिळकतीपुरतंच आहे आणि दुसऱ्या देशातल्या मृत्युपत्राला ते धक्का लावत नाही. दोन्ही वकिलांना दुसरा मसुदा दाखवावा.

भारतातल्या मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, ज्यांनी तुमची सही पाहिली आहे. नुसता नोटरीचा शिक्का साक्षीदारांची जागा घेत नाही. अमेरिकेच्या काही राज्यांत स्वहस्ताक्षरातलं बिनसाक्षीदाराचं मृत्युपत्र चालतं, ते कोथरूडच्या फ्लॅटसाठी चालणार नाही. नोंदणी सक्तीची नाही आणि मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कही नाही, पण मुलं परदेशात असतील तर नोंदणी केलेली बरी. उद्या साक्षीदार सापडले नाहीत तरी कागद खरा आहे हे दाखवायला आधार मिळतो. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये, आणि शक्यतो तुमच्यापेक्षा वयानं लहान साक्षीदार घ्यावेत.

लहान मुलं असणाऱ्यांसाठी तर पैशापेक्षा पालकाचा प्रश्न मोठा. दोघंही एका अपघातात गेली तर मुलं कोणाकडे? मृत्युपत्रात नाव असेल तर कोर्ट त्याला वजन देतं. नसेल तर न्यायाधीश समोर येतील त्यांतून निवडतो, आणि समोर कोण येईल? आजी-आजोबा व्हिजिटर व्हिसावर, बहुतेक वेळा सहा महिन्यांचे पाहुणे. मामा पुण्यात. जवळचे मित्र चार घरं सोडून राहतात, पण कायद्यानं त्यांचं नातं काहीच नाही. या प्रश्नावर नवरा-बायकोचं एकमत होत नाही (माझी बहीण की तुझा भाऊ?) आणि तिथेच सगळं मृत्युपत्र वर्षानुवर्षं अडतं. माझं मत विचाराल तर अपुरं वाटलं तरी एक नाव आज लिहावं, नंतर बदलता येतं. कायमचा पालक भारतातला हवा असेल तर तो इथे पोचेपर्यंतच्या दिवसांसाठी जवळपासचं एक नाव तात्पुरता पालक म्हणून नेमून ठेवावं. काही राज्यांत त्यासाठी वेगळा साधा कागद असतो. मुलांची ओसीआय कार्डं काढून ठेवा, म्हणजे तिकडे न्यायची वेळ आली तर व्हिसाचा अडथळा नको. आणि मुलांना सांभाळणारा आणि पैसा सांभाळणारा एकच असावा असं मुळीच नाही. मायाळू मावशीला हिशेब जमेलच असं नसतं. विमा आणि ४०१केचे पैसे अज्ञान मुलांच्या नावे थेट लिहू नका, मृत्युपत्रातून किंवा वेगळा ट्रस्ट करून त्यात जाऊ द्या, नाहीतर अठराव्या वर्षी हाती लाखो डॉलर आणि समोर गाड्यांची शोरूम अशी गत व्हायची.

कराबद्दल थोडं

भारतात मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत २०२६ पासून माणशी १.५ कोटी डॉलरपर्यंत केंद्रीय इस्टेट टॅक्स नाही, म्हणून आपल्यापैकी बहुतेकांना त्याची झळ लागत नाही. राज्यांची मर्यादा मात्र कमी असते, ओरेगनमध्ये १० लाख डॉलर आणि मॅसॅच्युसेट्समध्ये २० लाख. घर आणि विमा धरून तिथवर पोचायला काही श्रीमंत असावं लागत नाही. न्यू जर्सीत बायको-मुलांना कर नाही, पण भावाला किंवा बहिणीला २५ हजार डॉलरच्या वर ठेवलं तर त्यांना इनहेरिटन्स टॅक्स आहे.

खरा खड्डा दुसरीकडे आहे. वरची मोठी सूट नागरिकांना आणि अमेरिकेत कायमचं वास्तव्य मानल्या गेलेल्यांना. जो तसा नाही, त्याला सूट फक्त ६० हजार डॉलर, आणि त्यावरच्या अमेरिकेतल्या मालमत्तेवर कर चढत-चढत ४० टक्क्यांपर्यंत. इथलं घर, अमेरिकन कंपन्यांचे शेअर, ४०१के सगळं यात येतं. बँकेतली साधी ठेव आणि त्या व्यक्तीच्या स्वतःच्या आयुष्यावरचा विमा सहसा येत नाही. हे कोणाला लागू पडतं? ग्रीन कार्ड परत करून पुण्यात स्थायिक झालेल्या आणि शेअर इथेच ठेवलेल्या मंडळींना. डाउन पेमेंटला मदत केली म्हणून ज्यांचं नाव इथल्या घरावर लावलं त्या भारतातल्या आईवडिलांना. एच-१बीवर असलेल्यांच्या बाबतीत कायम राहण्याचा इरादा होता का यावर वाद होऊ शकतो. भारत आणि अमेरिकेत या कराबाबत करार नाही, त्यामुळे तिकडून दिलासा नाही. परत जायचा विचार पक्का झाला असेल तर कंटेनर बुक करण्याआधी हे एकदा तपासा.

उलट दिशेनं, भारतातून वारशानं काही मिळालं तर त्यावर इथे कर नाही. पण भारतातल्या व्यक्तीकडून वर्षात १ लाख डॉलरच्या वर वारसा किंवा भेट मिळाली तर फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर शून्य, पण न भरल्याचा दंड रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत. आईच्या पेन्शनच्या खात्यावर "असू दे सोयीला" म्हणून तुमचं नाव असेल आणि परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १० हजार डॉलरच्या वर गेली, तर एफबारही.

महाराष्ट्रात आईवडिलांनी राहतं घर मुलांना बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं, म्हणून "आत्ताच नावावर करून टाक" असा सल्ला मिळतो. तुम्ही अमेरिकेत कर भरत असाल तर जरा थांबा. भेट मिळालेल्या घराची इथली किंमत वडिलांनी १९८२ मध्ये दिलेली धरतात. वारशानं मिळालं तर मृत्यूच्या दिवशीची बाजारभावाची. पुढे विकताना इथल्या कॅपिटल गेन्समध्ये त्यामुळे प्रचंड फरक पडू शकतो. वारशानं मिळालंच तर त्या तारखेचं मूल्यांकन मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून करून ठेवा, वीस वर्षांनी ते मिळवणं अवघड. विक्रीचे पैसे एनआरओ खात्यातून आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, करासंबंधी सीएचा दाखला लागतो.

गावच्या शाळेला किंवा वाचनालयाला आईच्या नावानं काही ठेवायचं मनात असेल तर एक अडचण लक्षात घ्या. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर तुमची देणगी परकीय समजत नाहीत. अमेरिकन नागरिक झालात, ओसीआय असलात तरी, ती परकीय ठरते, आणि एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेताच येत नाही. छोट्या संस्थांकडे ही नोंदणी बहुधा नसते. संस्थेला आधी विचारा आणि मृत्युपत्रात पर्यायी संस्थेचं नाव लिहा.

इथे लिहिलंय ते सर्वसाधारण आहे. तुमचं राज्य, तुमचा व्हिसा आणि तुमचं घर पाहून सल्ला वकीलच देईल, आणि तिकडचा तिकडच्या वकिलानं द्यावा. पण वकिलाकडे जाण्याआधीचं काम एका शनिवार सकाळचं आहे. प्रत्येक ४०१के, आयआरए आणि विमा (जुन्या नोकऱ्यांमधलेसुद्धा) यांच्या वेबसाइटवर जाऊन बेनिफिशियरी कोण दिसतो ते पाहा, आणि दुसऱ्या क्रमांकाचं नाव रिकामं असेल तर भरा. मग एका कागदावर दोन्ही देशांतली खाती, फ्लॅट, लॉकर, पॉलिसी आणि कर्जं यांची यादी करा. त्यात पासवर्ड नकोत, कुठे काय आहे एवढं पुरे. यादीची एक प्रत जोडीदाराकडे आणि एक भारतातल्या विश्वासू माणसाकडे द्या. मृत्युपत्राची मूळ प्रत फक्त तुमच्या एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. काही राज्यांत नुसतं मृत्युपत्र शोधण्यापुरता लॉकर उघडू देतात, पण बऱ्याच ठिकाणी तो उघडायला बँक कोर्टाचा कागद मागते, आणि कोर्ट मागतं मृत्युपत्र.